ओढ्याच्या वरचे चार हौद

पौष लागला की निपाणीची हवा बदलते. कापलेला तंबाखू शेतात उन्हाला पडतो, गाड्या वखारींकडे येऊ लागतात आणि सकाळी दार उघडलं की पहिलाच श्वास नाकात झोंबतो. माझ्या वर्गातल्या मुली शिंकत शिंकत पाढे म्हणतात. बाहेरगावची माणसं नाकाला पदर, रुमाल लावून फिरतात. आम्हा इथल्यांना त्याचं काही वाटत नाही. अण्णाला मात्र इतकी वर्षं इथं राहूनही हा वास सोसला नाही. या दिवसांत तो खिडक्या लावून घ्यायचा आणि म्हणायचा, "इंदे, थंडी असावी तर जांबोटीच्या रानातली. पाण्याचा वास येणारी."

अण्णा माझा थोरला भाऊ. गेल्या ज्येष्ठात तापानं गेला. देश स्वतंत्र झाला तेव्हा गल्लीत दिवे लागले होते, आणि तो असता तर काय म्हणाला असता हे मला सुचेना. त्याच्याशिवायची ही पहिली थंडी. खिडक्या यंदा उघड्याच आहेत.

पाण्याला वास असतो, हे मला त्या एका हिवाळ्यात कळलं. त्याआधी पाणी म्हणजे शहापूरच्या आमच्या घरामागची विहीर, आणि सूत रंगवायच्या घंगाळातलं लाल-हिरवं पाणी. आमचं घर विणकराचं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, दिवसभर मागावर. धोट्याची खटखट थांबली की घरात कुणीतरी आजारी आहे असं समजायचं. मी नुकती माहेरी परत आले होते. लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि नवरा गेला होता. पोटी मूल नव्हतं. घरात कुणी मला वाकडं बोललं नाही, पण माझ्याकडे बघून बोलणंही सगळ्यांनी सोडलं होतं. मी सुताच्या कांड्या भरायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

अण्णा तेव्हा बी. एस्सी. होऊन एका शाळेत मुलांना शास्त्र शिकवत होता. त्याचा जीव माशांच्या आजारांत गुंतला होता. मिळेल ते पुस्तक मागवायचा, तळ्यावरून मेलेले मासे आणून चिरून बघायचा. आमच्या गल्लीत त्याची चेष्टा होई. मासे आजारी पडतात आणि कुणी शिकलेला माणूस त्यांना औषध द्यायला बसतो, हे लोकांना नवल वाटायचं. पण मला त्यामागचं ठाऊक होतं.

मानमोडीच्या तापाच्या साथीत आमच्या घरातली तीन माणसं गेली. आई आणि माझ्याहून मोठी दोन भावंडं. मी अगदी लहान होते, मला आठवतं ते फक्त बंद दार. अण्णाला सगळं आठवत होतं. शेजारच्या घरी सगळे अंथरुणाला खिळलेले, म्हणून आई पेज घेऊन जायची. तिला स्वतःला काही नव्हतं. चालती, हसती बाई. तिच्याबरोबर ताप आमच्या घरात आला. अण्णानं हे मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. तो म्हणाला, "आईचं चुकलं असं न्हाय म्हणत मी. तिला कुणी सांगितलं न्हवतं, एवढंच."

जांबोटीच्या पुढे, घाटमाथ्यावरच्या रानात एक म्हातारा इंग्रज राहत होता. दक्षिणेकडे कॉफीच्या मळ्यांत उभा जन्म काढून तो इथं आला होता. त्याची बायको गेली होती, मुलं विलायतेत होती. त्याच्या देशातल्या ओढ्यांमधून ट्राऊट नावाचे मासे असतात, थंड पाण्यात राहणारे, अंगावर ठिपके असलेले. ते इथं वाढवायचे असं त्यानं मनात घेतलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक बारमाही झरा होता. त्याचं पाणी घेऊन चार दगडी हौद बांधले. नीलगिरीच्या डोंगरातून अंडी मागवली. दोन हिवाळे मासे वाढले आणि दोन्ही वेळा रोगानं मेले. मग कुणीतरी त्याला अण्णाचं नाव सांगितलं.

अण्णानं शाळा सोडली. निघायच्या आदल्या दिवशी तो मागाशेजारी उभा राहिला.

"आप्पा, इंदूला माझ्यासंगं नेतो. जेवणाचे हाल हुतील माझे."

आप्पांनी माग थांबवला नाही. "जंगलात काय करंल ती?"

"हितं काय करतीया?"

माग थांबला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. किती तरी दिवसांनी कुणी तरी नीट बघत होतं. "जा गं," ते म्हणाले.

अंडी आली ती लाकडी पेटीतून, ओल्या शेवाळात गुंडाळून, वर बर्फ घालून. खानापूर स्टेशनावरून बैलगाडीनं, गोणपाटाखाली. पेटी उघडली तेव्हा साहेब, अण्णा आणि मी, तिघंही वाकून बघत होतो. वाटाण्याहून लहान, फिकट केशरी दाणे, आणि प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके. "डोळे," अण्णा म्हणाला. "आतनं बघत्यात आपल्याकडं." मी हात मागे घेतला. आतून कुणी आपल्याकडे बघतंय, ही गोष्ट मला सहन झाली नाही, आणि मग दिवसभर मी त्या पेटीपासून हलले नाही.

अण्णाचा सगळा अभ्यास एका गोष्टीवर उभा होता. रोग झाल्यावर पाण्यातल्या माशाला औषध देणं जवळजवळ अशक्य. तेव्हा रोग येण्याच्या वाटा आधीच बंद करायच्या. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्याच्यावर कापसासारखी बुरशी येते, आणि ती बुरशी शेजारच्या जिवंत अंड्याला गुंडाळते. म्हणून रोज पांढरी अंडी वेचून काढायची. हे काम माझ्याकडे आलं. पिसाच्या दांडीचा चिमटा करून मी तासन्‌तास वाकून बसायची. पाणी इतकं गार की बोटं आपली वाटायची नाहीत. तुटलेला धागा शोधायची सवय हाताला होतीच. मेलेलं उचलायचं, जिवंताला धक्का लावायचा नाही. त्या कामात माझे कितीतरी दिवस गेले, आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. मी घाबरून गप्प झाले.

मग पिल्लं फुटली. सुईसारखी, पोटाला पिवळी पिशवी घेऊन. ती पिशवी म्हणजे त्यांची शिदोरी. संपेपर्यंत त्यांना काही खायला लागत नाही. ती संपल्यावर मी बोकडाचं काळीज शिजवून, वाटून, फडक्यातून गाळून घालायची. वास अंगाला चिकटायचा. विधवा बाईनं काळीज शिजवलं हे शहापूरला कळलं असतं तर मला मागच्या दारानंसुद्धा घरात घेतलं नसतं.

पिल्लं चारी हौदांत वाटली. प्रत्येक हौदाचं जाळं वेगळं, बादली वेगळी. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून मी घरून आणलेलं रंगीत सूत दांड्यांना बांधलं. वरचे दोन हौद आधी करायचे, खालचे नंतर. खालून वर कधी जायचं नाही. हात जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवायचे, पाय चुन्याच्या पाण्यात. साहेब स्वतः आला तरी अण्णा त्याला चुन्यात पाय बुडवायला लावायचा. साहेब कुरकुरत बूट काढायचा आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणायचा, "मास्तर, हे देऊळ हाय काय?" अण्णा हसायचा. तो हसतो हे मी त्या रानात पहिल्यांदा बघितलं.

खालच्या वाडीतली जानकीबाई रोज दूध घेऊन यायची. काळी, काटक, बोलकी. तिची वाडी त्या ओढ्यावर जगायची. बायका टोपल्या लावून मासे धरायच्या, पावसाळ्यासाठी वाळवून ठेवायच्या. कालवणात दुसरं काही नसलं तरी चार वाळके मासे असायचेच. ती हौदाच्या कडेला उभी राहून आमचे मासे बघायची. "सायबाचं मासं लई नखऱ्याचं," म्हणायची. "आमचं बघा, कुणी पाय धुवायला लावत न्हाय."

एकदा तिनं सहज विचारलं, "गेल्या साली तुमचं मासं मेलं न्हवं. ती रोगराई आमच्या वढ्यात ईल काय ओ?"

अण्णानं हातातलं जाळं औषधाच्या पाण्यात बुडवलं. मग म्हणाला, "येऊ नये म्हणून तर आलोय."

माघ सरत आला होता. उन्हं कोवळी होती, झऱ्यावर सकाळी वाफ दिसायची. पिल्लं बोटाएवढी झाली. गेल्या दोन साली जे मासे इतके दिवस जगले नव्हते, ते चारी हौदांत उसळत होते. साहेब रोज यायचा. काठीवर हनुवटी टेकून बघत बसायचा. मला वाटतं, तो तिथं बसून आपल्या गावच्या ओढ्यावर असायचा. मला त्याची दया यायची. आपलं माणूस गेलं की आपण कशाकशात ते शोधतो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आणि त्याच मायेनं घात केला. दुसऱ्या एका मळेवाल्याच्या तळ्यात मोठे, वाढलेले ट्राऊट होते. साहेबाला राहवलं नाही. त्यानं पत्र्याच्या डब्यांतून थोडे मागवले. दुपारी गाडी आली. अण्णानं एकेक मासा बघितला आणि म्हणाला, "साहेब, ह्यांना वेगळं ठेवू. खाली खड्डा काढतो. काही दिवस बघू, मग हौदात सोडू."

साहेब म्हणाला, आणि त्याची मोडकी मराठी मी इथं सरळ करून लिहिते, "ते दमले आहेत. खड्ड्यात मरतील. बघ, किती चांगले आहेत."

"चांगले दिसत्यात, साहेब."

साहेबानं ते सगळ्यात खालच्या हौदात सोडायला लावले. ते मासे खरोखर देखणे होते. उन्हात त्यांच्या कुशीवरचा गुलाबी पट्टा चमकला.

पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकानं खाणं सोडलं. मग त्याच्या कुशीवर फुगवटा आला, पिकलेल्या गळवासारखा. तो फुटला. अण्णानं मेलेला मासा फळीवर घेऊन चिरला आणि सुरी खाली ठेवली. बराच वेळ तो हात धूत राहिला. नंतर त्या हौदातले आमचे बोटाएवढे मासे उलटे होऊन वर येऊ लागले. अण्णानं त्या दिवशीच हौदांचं ओढ्याकडे जाणारं पाणी बंद केलं आणि भात कापून रिकाम्या पडलेल्या खाचरात वळवलं. खाचरात चुना टाकला. जानकीबाईला सांगितलं, वाडीत कुणी त्या खाचरात पाय घालू नये.

खालच्या दोन्ही हौदांचं पाणी एकमेकांत मिसळायचं, म्हणून रोग दुसऱ्या खालच्या हौदातही गेला. वरच्या दोन हौदांत गेला नाही. एकही मासा आजारी पडला नाही. जाळी वेगळी, बादल्या वेगळ्या, हात धुतलेले, पाणी वरून येणारं. अण्णाचं म्हणणं खरं ठरलं होतं. आयुष्यात त्याला जे दाखवून द्यायचं होतं ते त्या दोन हौदांत जिवंत पोहत होतं. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "व्हय." एवढंच. त्याला आनंद का होत नाही, ते मला संध्याकाळी कळलं.

साहेब आला होता. खालचे हौद रिकामे करून चुना मारायला त्यानं परवानगी दिली. मग वरच्या हौदांकडे काठी करून म्हणाला, "हे ओढ्यात सोडू या, मास्तर. उन्हाळा येतोय, हौदाचं पाणी तापेल. ओढ्याला डोह आहेत, सावली आहे. काही तरी जगतील. उद्या सोडू."

"साहेब, ह्यांच्या पोटात रोग असला तर?"

"आजारी नाहीत ते. तूच म्हणालास."

"आजारी दिसत न्हाईत, असं म्हणालो."

"पुरावा आहे तुझ्याकडे?"

"न्हाय," अण्णा म्हणाला. "नसल्याचाबी न्हाय."

साहेब चिडला नाही. तो फक्त थकल्यासारखा दिसला. "मास्तर, मी आता सत्तरीच्या पुढे आहे," तो म्हणाला. "मला एक मासा त्या ओढ्यात बघायचा आहे." आणि तो गेला.

चुलीपाशी अण्णा ताटावर बसून राहिला. जेवला नाही. मी म्हटलं, "अण्णा, ती चांगली हाईत. मी रोज बघते. अंड्यात होती तवापासनं बघते."

तो म्हणाला, "आईबी चांगलीच होती गं."

मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अण्णानं वरच्या हौदांचं पाणी तोडलं. त्यानं मला घरात थांबायला सांगितलं होतं, पण मी थांबले नाही. एकट्यानं त्यानं ते करावं हे मला बघवलं नसतं. पाणी खाचराकडे उतरत गेलं. हौदात गुडघाभर राहिलं, मग घोटाभर. मासे एकमेकांवर चढू लागले. त्यांचा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं; ओल्या कापडावर कापड आपटावं तसा. अण्णा चुन्याची पाटी घेऊन उभा होता आणि त्याला पुढे होता येईना. मी दुसरी पाटी उचलली आणि चुना टाकला. मग त्यानंही टाकला. पाणी पांढरं झालं. चुन्याची धग चेहऱ्यावर आली. आम्ही दोघंही तोंडावर फडकी बांधून उभे होतो, त्यामुळे कोण रडतंय ते कुणाला दिसलं नाही.

साहेब आला तेव्हा सगळं शांत झालं होतं. तो कडेला आला, त्यानं पाहिलं, आणि तो हौदाच्या दगडावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याचे विरळ पांढरे केस वाऱ्यानं उडत होते.

"सगळे?" त्यानं विचारलं.

"व्हय, साहेब."

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, "जा, मास्तर. घरी जा." रागानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

आम्ही शहापूरला परत आलो. त्या कामाचं पुढं काही झालं नाही. होणार तरी कसं? मासे उरले नव्हते, हौद रिकामे, आणि मालकाचं न ऐकणाऱ्या माणसाला कुणी दुसरं काम देईना. अण्णानं मला लिहा-वाचायला बसवलं, परीक्षांना बसवलं, मास्तरीण केलं. मला निपाणीत शाळा मिळाली, त्यालाही इथंच हायस्कुलात मिळाली, आणि आम्ही दोघं या घरात राहू लागलो. त्यानं लग्न केलं नाही. माशांची पुस्तकं एका शाळेला देऊन टाकली. वर्गात कुठल्याशा धड्यात मासा आला की तो मुलांना कल्ले, पर, खवले शिकवायचा आणि पुढे जायचा.

पण थंडी आली की तो बेचैन व्हायचा. जेवता जेवता मध्येच थांबून म्हणायचा, "इंदे, नसंल गं कदाचित."

काय नसेल, हे मी विचारत नसे. त्यांच्या पोटात रोग नसेलही. असला तरी ओढ्यातल्या माशांना तो लागला नसता. एखादा पाऊस पडून सगळं धुऊन गेलं असतं. त्या म्हाताऱ्याला त्याचा एक मासा दिसला असता. अण्णाला हे सगळं माहीत होतं. आग विझवणाऱ्याला निदान जळकं घर दाखवता येतं. जी आग लागलीच नाही ती लागणार होती की नाही, हे कोण कुणाला सांगणार? मी इतकंच म्हणायची, "भात निवतोय." तो घास उचलायचा. शेवटच्या तापातही तो पाण्याबद्दल बोलत होता. कुणाचं तरी पाणी कुणीकडे तरी वळवा, म्हणत होता. डॉक्टरांना वाटलं, तहान लागली आहे.

यंदा नाताळच्या सुट्टीत मी जांबोटीला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं. मोटारीतून उतरून पायवाटेनं चालत गेले. साहेबाचा बंगला दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे. साहेब त्या सालानंतर फार दिवस राहिला नाही, असं वाटेत कळलं. हौदांत पाला साठला आहे, दगडांच्या सांध्यांतून नेचे उगवले आहेत. झरा तसाच वाहतो. मी तिथं फार थांबले नाही. उतरून खाली ओढ्यावर गेले.

एक तरुण बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपली लावत होती. तिचं मूल काठावर वाळूत बसलं होतं. मी जानकीबाईचं विचारलं. जानकीबाई लेकीकडे गोव्याला गेली, ही तिची सून. मी बसले. तिनं टोपली उचलली तेव्हा पाणी गळून गेलं आणि तळाशी बोटभर चंदेरी मासे तडफडत राहिले.

"लई हाईत की मासं," मी म्हटलं.

"हाईत की. कायम असत्यात."

"कधी मेलं हुतं काय? रोग येऊन? सगळं एकदम?"

ती माझ्याकडे बघत राहिली. शहरातली बाई काय विचारते आहे, असं तिच्या तोंडावर होतं. मग टोपली कमरेवर घेऊन ती मुलाला उचलायला वाकली.

"न्हाय बा, आक्का," ती म्हणाली. "हितं तसलं कायबी झाल्यालं न्हाय."